कालव्याची पाळी, बसची पाळी

ओरत्तनाडु हे नाव मराठी माणसाच्या कानावर येते ते तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या मुक्तांबाळ छत्रममुळे. आज मात्र तिथल्या कालव्याच्या मदतीने आपण संगणकाच्या इतिहासातला एक धडा पाहणार आहोत.

मेट्टूर धरण १९३४ साली पुरे झाले. त्याच योजनेतून कल्लणैपासून नवा कालवा निघाला आणि ओरत्तनाडु, पट्टुक्कोट्टैकडे पाणी गेले. पाणी कमी असले की ते पाळीने द्यावे लागते. पाळी लांबली तर टेलच्या शेतकऱ्याचे पीक करपते. फार आखूड केली तर दर वेळी कोरडी चारीच आधी पाणी पिऊन टाकते.

इंटेलने १९९२ साली पीसीआय बस आणली, तेव्हा संगणकापुढे हाच पेच होता. ग्राफिक्स, आवाज, नेटवर्क अशी सगळी कार्डे एकाच वाटेवर आणि एका वेळी बोलणार एकच. वाटेचा वेग सेकंदाला ३.३ कोटी ठोके. बस हवी असलेले कार्ड विनंती करी आणि ‘आर्बिटर’ नावाचा पाटकरी परवानगी देई.

पण मिळालेली बस सोडायची केव्हा? त्यासाठी प्रत्येक कार्डात एक मोजणी ठेवली: ‘लेटन्सी टायमर’. काम सुरू होताच ती ठोके मोजू लागे. मोजणी संपली आणि पाटकऱ्याने परवानगी काढून घेतलेली असली, तर कार्डाने बस सोडायची. दुसरे कोणी थांबलेले नसेल तर खुशाल पुढे चालू ठेवायचे.

बायोसमध्ये हा आकडा बहुधा ३२ किंवा ६४ असे. ३२ ठोके म्हणजे साधारण एक मायक्रोसेकंद. २४८ ठेवला तर कार्ड सुमारे साडेसात मायक्रोसेकंद बस अडवू शके. तेवढ्यात साउंड कार्डाची छोटी साठवण रिकामी झाली की गाण्यात खरखर येई. उलट आकडा फार लहान केला तर पाळी बदलण्यातच ठोके वाया जात, कारण नव्या कार्डाला पत्ता सांगण्यापासून सुरुवात करावी लागे.

म्हणून सर्वांना लागू पडेल असा ‘बरोबर’ आकडा कधीच नव्हता. कोणाला किती घाई आहे आणि कोणाची साठवण किती, यावर तो ठरे. कार्डांनाही आपली गरज सांगता यावी म्हणून दोन वेगळ्या नोंदी दिलेल्या होत्या: एका वेळी किती काळ बस हवी आणि किती वेळाने पुन्हा हवी.

पुढे पीसीआय एक्सप्रेस आले आणि प्रत्येक कार्डाला स्वतःची वाट मिळाली. जुन्या सॉफ्टवेअरसाठी टायमरची जागा तशीच ठेवली, पण तिथे आता कायमचे शून्य असते. कालव्याला मात्र अशी सोय नाही. प्रत्येक शेताला वेगळी कावेरी देता येत नाही, म्हणून तिथे पाळी ठरवण्याचे काम आजही माणसांनाच करावे लागते.