नाणेघाटांतील मुक्काम

पावसाळा सरला, कीं जुन्नराहून घाटघरमार्गें नाणेघाटाकडे मोटारी येऊं लागतात. जीवधन किल्ल्याजवळच्या पठारावर तंबू उभे राहतात. कड्याकडे धांवणाऱ्या मुलांना वडील माणसें हांका मारून मागें बोलावतात, आणि हळूहळू खालचें कोंकण अंधारांत बुडूं लागतें. एका रात्रीपुरता संसार थाटणाऱ्या या कुटुंबांना आपण निर्जन रानांत उतरलों असें वाटतें; परंतु ही मुक्कामाची जागा दोन हजार वर्षांची जुनी आहे.

सोपारा व कल्याण या बंदरांतील माल जुन्नरास आणि पुढें पैठणास न्यावयाचा, तर सह्याद्रि ओलांडणें भाग होतें. त्यासाठीं डोंगराच्या खिंडींतून ही वाट काढण्यांत आली. चढ छाती फोडणारा. वर पोहोंचलेल्या वाटसरूला प्रथम पाणी व सावली हवी. म्हणून माथ्याजवळ कातळांत एक प्रशस्त लेणें व पाण्याचीं टांकीं खोदलेलीं आहेत. माथ्यावरील दगडी रांजणांत जकातीचीं नाणीं टाकीत, अशी लोकसमजूत आहे.

लेण्यांत ना भिक्षूंच्या खोल्या, ना पूजेची मूर्ति. मात्र मागच्या भिंतीवर एका राजकुटुंबाच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. सातवाहन कुळाचा सिमुक, राणी नायनिका व तिचा पति सिरि सातकर्णि, महारठी त्रणकयिर आणि राजकुमार यांचीं नांवें तेथें ब्राह्मी लिपींत लिहिलेलीं आहेत. त्रणकयिर हा राणीचा पिता असावा, असें विद्वान् मानतात. नायनिकेसच आज नागनिका म्हणून ओळखतात.

बाजूच्या भिंतींवर प्राकृत भाषेंतील मोठा लेख आहे. त्यांत अश्वमेध, राजसूय इत्यादि यज्ञांची व दक्षिणेची मोजदाद आहे: कोठें १,७०० गाई व १० हत्ती, कोठें २४,४०० कार्षापण. हे आंकडे चिन्हांनीं लिहिलेले असल्यानें भारतीय अंकांच्या इतिहासांत या भिंतींचें मोल मोठें आहे. पण त्याच लेखांत एका स्त्रीचें चित्रहि उमटलें आहे. वेदिसिरि व सतिसिरि यांची ही माता महिना-महिना उपवास करणारी, घरांत राहून तपस्विनीचें जीवन कंठणारी अशी वर्णिली आहे. यावरून पति निवर्तल्यावर अल्पवयी पुत्रांसाठीं तिनें राज्य सांभाळलें असावें, असा तर्क अनेक अभ्यासकांनीं केला आहे.

मग कुळाची ही कीर्ति राजधानींत न कोरतां आडरानांतील खिंडींत कां कोरली? कारण राजवाड्यांत मोजके लोक येतात. घाटांत मात्र व्यापारी, हमाल, यात्रेकरू, सर्वांनाच थांबावें लागतें. थकलेला माणूस सावलींत टेकला, कीं समोर राजाचें कुटुंब उभें! लहान पुत्रांच्या राज्याला याहून अधिक साक्षीदार कोठें मिळाले असते?

१८२८ मध्यें विल्यम साइक्स येथें आला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं हे लेख व अंक परिश्रमानें वाचले, आणि १८८३ मध्यें ब्यूलर यांनीं लेखाचा पाठ भाषांतरासह प्रसिद्ध केला. तोंपर्यंत प्रतिमा नष्ट झाल्या होत्या. उरल्या त्या पावलांच्या अंधुक खुणा व वरचीं कांहीं नांवें. लेखांतील अनेक ओळीहि झिजून तुटल्या आहेत. तेथें काय होतें, हें आतां कोणालाहि सांगतां येणार नाहीं.

म्हणून येथें उतरणाऱ्यानें चूल तंबूपाशींच पेटवावी. लेण्यांत धूर करूं नये. भिंतीवर आपलें नांव तर मुळींच कोरूं नये. एका मातेनें आपल्या माणसांचीं नांवें वाटसरूंच्या भरंवशावर तेथें ठेवलीं आहेत. सकाळीं तंबू आवरण्यापूर्वीं मुलांना तीं नांवें दाखवावीं, आणि मग वाटेला लागावें.