सणाचे अन्न : मागण्यापासून वाढण्यापर्यंत



सण म्हटला की आधी चूल आठवते. घाटावरच्या आपल्या चिखली-मेहकर भागात संक्रांतीला तीळगूळ, होळीला अन् पोळ्याला पुरणाची पोळी, आखाजीला आंब्याचा रस, दिवाळीला करंज्या-अनारसे, अशी वर्षाची मांडणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. या पदार्थांच्या मुळाशी शेती आहे. थंडीत अंगाला ऊब हवी म्हणून तीळ. रब्बीचा हरभरा निघतो त्याच सुमारास होळीचे पुरण. वर्षभर राबणाऱ्या बैलाचे ऋण म्हणून पोळ्याला त्याच्या तोंडी पुरणपोळी. म्हणजे सणाचे ताट हा पिकाचा आणि घामाचा हिशेब आहे. पण ज्यांनी घाम गाळला त्या सर्वांच्या पुढ्यात ते ताट सारखे आले काय? इतिहास पाहिला तर उत्तर 'नाही' असेच येते.

जुन्या गावगाड्यात आपल्या पूर्वजांकडे महारकीचे वतन होते. वेस राखायची, सांगावा पोचवायचा, सरकारी पाहुण्याचे ओझे वाहायचे, मेलेले जनावर ओढून न्यायचे. त्याचा मोबदला म्हणजे खळ्यावरचे थोडे धान्य आणि घरोघरची भाकर. परंपरेने महारांचे बावन्न हक्क सांगितले जातात. नाव 'हक्क', पण पदरात पडे ते वरून टाकलेले. सणाच्या दिवशी "जोहार मायबाप" म्हणत दारोदार फिरायचे, मग दहा घरची कालवणे एकाच भांड्यात मिसळत. दुसऱ्याच्या घरी जे ताजे, ते आपल्या घरी शिळे होऊन येई.

तरीही आपल्या आज्या-पणज्यांनी चूल विझू दिली नाही. आंबाडी, तरोटा, घोळ यांच्या भाज्या, ज्वारीच्या कण्या, वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या यांवर त्यांनी लेकरं जगवली. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या आत्मकथनात त्या उपासमारीचे चित्र आहे. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. या खाण्याची लाज आपण बाळगू नये. लाज वाटायला हवी ती माणसाला असे खायला लावणाऱ्या व्यवस्थेची.

या व्यवस्थेवर पहिला मोठा घाव बसला तो महाडला. १९ व २० मार्च १९२७ रोजी तेथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळ्या-उष्ट्या तुकड्यांवर जगणे सोडा, असे बजावले, हे आपण विसरतो. हा सल्ला पाळणे सोपे नव्हते. मृतमांस आणि मागून आणलेली भाकर सोडायची म्हणजे त्या रात्री लेकरांना काय घालायचे, हा प्रश्न होताच. ज्या मायमाऊल्यांनी उपाशी राहून तो पाळला त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत, पण क्रांती त्यांच्या चुलीपाशीही झाली.

पुढे २४ मे १९५६ च्या बुद्धजयंतीला बाबासाहेबांनी मुंबईच्या नरे पार्कवर जाहीर केले की, आपण ऑक्टोबरमध्ये धर्मांतर करणार. १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली. बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याचीही प्रतिज्ञा आहे. त्यामुळे नैवेद्याचे अन् पितरांचे ताट गेले. त्या जागी काय आले? वैशाख पौर्णिमेची खीर आली.

या खिरीचा अर्थ मोठा आहे. सहा वर्षे शरीर सुकवून सिद्धार्थ गौतमांना कळले की उपासमारीने ज्ञान होत नाही. उरुवेला येथे सेनानी नावाच्या गृहस्थाची मुलगी सुजाता हिने दिलेले अन्न त्यांनी स्वीकारले. उपवास मोडला म्हणून पाच सोबती त्यांना सोडून गेले, तरी ते डगमगले नाहीत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सक्तीने उपाशी ठेवले, त्यांच्यासाठी यात मोठाच दिलासा आहे. उपाशी राहण्यात पुण्य नाही, असे हा प्रसंग सांगतो.

धम्मपदात भूक हा सर्वांत मोठा रोग म्हटला आहे. त्यामागची कथा आपल्यासारख्या शेतकरी-मजुरांना लगेच पटेल. आळवी गावात एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधत शोधत उशिरा, भुकेलेला असा प्रवचनाला आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला लावले, मग धम्म सांगितला.

कोणी विचारतात, बौद्धाने पुरणपोळी करावी काय? पुरण हे हरभऱ्याचे आणि गुळाचे. ते कोणत्या एका देवाचे नाही. ती कोणापुढे ठेवतो अन् कोणाला वाढतो, यावर तिचा अर्थ ठरतो. घरच्या कष्टाची पोळी लेकरांना, पाहुण्याला, शेजाऱ्याला वाढली तर त्यात धम्माला बाध नाही.

विहारातील खीर वाढताना जात विचारली जात नाही. कालपर्यंत ज्यांचे हात मागायला पसरत, त्यांच्याच नातवंडांच्या हातात आज वाढायचा पळा आहे. म्हणून खिरीच्या रांगेत उभ्या असलेल्या पोरांना नुसती वाटी देऊ नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलते करा, त्यांनी सणाला काय खाल्ले, कुठून आणले, ते वहीत उतरवून घ्या. अन् वाढताना रांगेच्या शेवटी उभा असलेला माणूस रिकामा परत जाणार नाही, एवढे बघा.

जय भीम!