डेव्हिस, चार्ल्स : धर्मगुरुपदाचा त्याग

इंग्रज धर्मशास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिस (१९२३–९९) याने डिसेंबर १९६६ मध्ये धर्मगुरुपद आणि त्याबरोबरच रोमन कॅथलिक चर्च सोडत असल्याचे जाहीर केले. त्याची दीक्षा १९४६ मधील. वेअर येथील सेंट एडमंड्स कॉलेजात व नंतर हीथ्रॉप कॉलेजात तो अध्यापक होता; ‘क्लर्जी रिव्ह्यू’ या मासिकाचे संपादनही त्याच्याकडे होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (१९६२–६५) विचारांचा इंग्लंडमधील तो प्रमुख भाष्यकार असल्याने मोठी खळबळ उडाली.

विवाहाचा विचार त्याने लपविला नाही. १९६७ मध्ये तो विवाहबद्धही झाला. परंतु एवढ्यावरूनच त्याच्या निर्णयाचा उलगडा करणे अन्यायाचे होईल. संततिनियमनाविषयी चर्च संशयावस्थेत नाही, हे पोप सहावा पॉल याचे १९६६ मधील विधान त्याला अप्रामाणिक वाटले. पोपच्या अधिकारावरील श्रद्धाच उडाल्यावर, त्याच अधिकाराने दिलेले पद सांभाळणे त्याला सदसद्‌विवेकाशी प्रतारणा वाटली. ही भूमिका त्याने ‘अ क्वेश्चन ऑफ कॉन्शन्स’ (१९६७) या ग्रंथात मांडली.

डॉमिनिकन धर्मगुरू हर्बर्ट मकेब याने ‘न्यू ब्लॅकफ्रायर्स’ मध्ये उत्तर दिले : चर्च भ्रष्ट आहे हे खरे, पण ते सोडण्याचे कारण नव्हे. गंमत अशी, की राहण्याचा पुरस्कार करणाऱ्या या लेखामुळे मकेबचेच संपादकपद गेले; ते १९७० मध्ये परत मिळाले. डेव्हिसने पुढे कॅनडात, प्रथम ॲल्बर्टा विद्यापीठात व नंतर माँट्रिऑल येथे, धर्माचेच अध्यापन केले.