पेकिंगची दुभाष्यांची शाळा

तह करणाऱ्या दोन पक्षांपैकीं एकालाच तहाची भाषा कळत असेल, तर त्यास तह म्हणावें कीं आज्ञापत्र? इसवी सन १८५८ मध्यें तिएन्त्सिन येथें इंग्रजांशीं तह करतांना चीनच्या बादशाही सरकारपुढें हाच प्रश्न उभा राहिला. त्या तहांत एक कलम असें होतें कीं, इंग्रज वकिलातीचीं पत्रें यापुढें इंग्रजींत लिहिलीं जातील. तूर्त सोबत चिनी भाषांतर जोडलें जाईल. परंतु दोहोंच्या अर्थांत फरक पडल्यास इंग्रजी मजकूर खरा मानला जाईल. हजारों वर्षांची विद्यापरंपरा सांगणाऱ्या राज्यास इंग्रजी वाचणारा विश्वासाचा एकही अधिकारी त्या काळीं मिळेना. बंदरांतील व्यापाऱ्यांचे दुभाषे मोडकीतोडकी इंग्रजी बोलत. पण राज्याचीं गुपितें त्यांच्या हवालीं कोण करणार? रशियन भाषेची एक सरकारी शाळा १७०८ पासून होती; परंतु ती नांवापुरतीच उरली होती.

परराष्ट्र व्यवहाराचें खातें १८६१ मध्यें निघालें. त्याचे प्रमुख राजपुत्र कुंग यांनीं पुढल्याच वर्षीं पेकिंगमध्यें, म्हणजे आजच्या बीजिंगमध्यें, ‘तुंगवेन क्वान’ नांवाची शाळा उघडली. आरंभीं मांचू लष्करी घराण्यांतील अवघीं दहा मुलें इंग्रजी शिकूं लागलीं. शिक्षक एक इंग्रज पाद्री होता. वर्गांत धर्मोपदेश करावयाचा नाहीं, अशी अट त्यास घातली होती. फ्रेंच व रशियन भाषांचे वर्ग १८६३ मध्यें सुरू झाले. जर्मन मागाहून आली. विद्यार्थ्यांस सरकारांतून वेतन मिळे.

या विद्येचा उपयोग लवकरच दिसून आला. अमेरिकन पाद्री विल्यम मार्टिन यानें व्हीटनच्या आंतरराष्ट्रीय कायद्यावरील ग्रंथाचें चिनी भाषांतर केलें व सरकारच्या साहाय्यानें तें १८६४ मध्यें छापलें गेलें. त्याच वर्षीं प्रशियाच्या युद्धनौकेनें चीनच्या किनाऱ्याजवळ डेन्मार्कचीं व्यापारी गलबतें पकडलीं. हें पाणी आमच्या राज्यांतलें आहे, असें या ग्रंथाच्या आधारें चीननें बजावलें, आणि गलबतें सुटलीं. तोफांनीं जें साधलें नव्हतें तें या वेळीं एका भाषांतरित पुस्तकानें साधलें.

तथापि शाळेचे खरे विरोधक बाहेरचे नव्हते. ते घरचेच होते. गणित व ज्योतिष हे विषय घालून पदवीधर पंडितांनाही प्रवेश द्यावा, अशी योजना निघतांच १८६७ मध्यें मोठें वादळ उठलें. बादशहाचे गुरु वो-रेन यांनीं लिहिलें कीं, राज्याचा पाया नीति व सदाचार यांवर असतो, युक्त्याप्रयुक्त्यांवर नसतो; आणि गणित शिकवावयाचेंच असेल तर त्यासाठीं परक्याचे पाय धरण्याचें कारण नाहीं. तेव्हां दरबारानें त्यांस असे देशी गणिती सुचविण्यास सांगितलें. त्यांना कोणाचेंच नांव देतां आलें नाहीं. त्यांची परराष्ट्र खात्यांतच नेमणूक झाली, तेव्हां आजाराचें निमित्त सांगून त्यांनीं ती टाळली. वादांत त्यांची हार झाली खरी. पण पंडितवर्गानें शाळेकडे पाठच फिरविली.

मार्टिन १८६९ मध्यें शाळेचा प्रमुख झाला व सुमारें पंचवीस वर्षें त्या जागीं राहिला. ली शान-लान हा थोर चिनी गणिती तेथें शिकवूं लागला. पुढें आठ वर्षांचा अभ्यासक्रम ठरला. त्यांत प्रथम भाषा, आणि मग भूगोल, गणित, रसायन, आंतरराष्ट्रीय कायदा व अर्थशास्त्र हे विषय येत. दुभाषे घडविण्यासाठीं निघालेली शाळा अशा रीतीनें नव्या विद्येचें दार बनली.

पहिल्या दहा मुलांत चांग ते-यी नांवाचा एक मुलगा होता. तो १८६६ मध्यें सरकारी मंडळाबरोबर युरोपांत गेला, आणि पुढें प्रत्येक प्रवासाची रोजनिशी लिहूं लागला. क्वांग-श्यू बादशहास इंग्रजी शिकविण्याचा मान १८९१ मध्यें त्यास मिळाला, आणि अखेरीस तो इंग्लंडमध्यें चीनचा वकील झाला. एवढें होऊनही परीक्षांच्या राजमार्गानें आपण वर आलों नाहीं, याची खंत त्याच्या मनांतून गेली नाहीं. ज्यांच्या विद्येवांचून राज्याचें चालत नाहीं त्यांनाच समाजानें कमी लेखावें, हें दुःख त्याच्या एकट्याचें नव्हतें.

बॉक्सर बंडाच्या धुमाळींत १९०० मध्यें शाळा बंद पडली. ती १९०२ मध्यें पेकिंगच्या बादशाही विद्यापीठांत विलीन करण्यांत आली; तेंच विद्यापीठ १९१२ पासून पेकिंग विद्यापीठ म्हणून ओळखलें जातें. याच विद्यापीठांत १९४६ मध्यें पौर्वात्य भाषांचा विभाग निघाला. त्याचे प्रमुख ची श्येन-लिन हे जर्मनींत गोटिंगेन येथें संस्कृत व पाली शिकून आले होते. ‘सांस्कृतिक क्रांती’च्या काळांत त्यांचा अतोनात छळ झाला. विद्यापीठांतील एका इमारतीवर देवडीवाल्याचें काम करीत असतां १९७३ मध्यें त्यांनीं वाल्मीकिरामायणाचें चिनी पद्यांत भाषांतर करण्यास हात घातला. तें संपूर्ण भाषांतर १९८० ते १९८४ या काळांत प्रसिद्ध झालें.

परक्याच्या धाकानें जेथें इंग्रजीचीं मुळाक्षरें गिरविलीं गेलीं, त्याच परंपरेंत पुढें कोणत्याही तहाची सक्ती नसतां अयोध्येची कथा चिनी भाषेंत उतरली. संकटापोटीं शिकलेल्या भाषेनें राज्याची अब्रू राखली. प्रेमानें शिकलेल्या भाषेनें दोन शेजारी राष्ट्रांचें जुनें नातें पुन्हा उजळलें.