सोलापूरचा किल्ला आणि तालिकोटची दंतकथा

23 जानेवारी 1565. कृष्णेकाठी तालिकोटची लढाई झाली. शाळेत आपण तिला राक्षस-तागडी म्हणून शिकलो. आज ती आपल्या तरुणांपर्यंत बहुधा एकाच रूपात पोहोचते : दख्खनचे सुलतान धर्मासाठी एक झाले आणि त्यांनी विजयनगरचे हिंदू साम्राज्य बुडवले. मग त्या पराभवाचा हिशेब आजच्या मुस्लिम शेजाऱ्याकडे मागितला जातो. आम्ही सोलापूरचे. या कथेला आमच्या गावातला भुईकोट किल्लाच उत्तर देतो.

1524 मध्ये विजापूरच्या आदिलशहाची बहीण अहमदनगरच्या निजामशहाला दिली गेली. हुंड्यात सोलापूरचा किल्ला कबूल झाला होता, पण हाती पडला नाही. त्यावरून दोन मुस्लिम सत्ता पिढ्यानपिढ्या लढल्या. विजयनगरचा रामराय या भांडणात कधी नगरच्या बाजूने उतरला, तर कधी विजापूरच्या. मुलूख मिळेल तिकडे तो गेला. गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशहा गादीवर येण्याआधी त्याच्याच आश्रयाला होता. शेवटी रामराय डोईजड झाला, तेव्हा सुलतानांनी जुनी भांडणे मिटवली. नगरच्या चांदबीबीचे लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी लागले आणि सोलापूरचा किल्ला हुंड्यात गेला. ज्या युतीला ‘धर्मयुद्ध’ म्हणतात, तिच्या मुळाशी आमच्या किल्ल्याची देवघेव आहे.

मग धर्मयुद्ध आले कुठून? विजापूरच्या दरबारात बसून फिरिश्त्याने काही दशकांनी इतिहास लिहिला आणि आपल्या धन्यांच्या लढाईला धर्माचे तेज चढवले. 1900 साली मद्रासचा इंग्रज अधिकारी रॉबर्ट सेवेल याने विजयनगरवर ग्रंथ लिहिला. त्यात हे राज्य मुस्लिमांना रोखणारा हिंदू बांध ठरले. राष्ट्रवाद्यांनी तेच उचलले. फक्त फिरिश्त्याचा नायक खलनायक केला. म्हणजे ज्याला ‘आपला’ इतिहास म्हणून मिरवतात, तो दरबारी बखरकार आणि साहेब यांच्या उष्ट्यावर वाढला आहे!

रामरायाच्या फौजेतले दोन मुस्लिम सरदार फितूर झाले, असे 1567 मध्ये तिथे गेलेला व्हेनिसचा प्रवासी फेडेरिची लिहितो. ही फितुरी आज मोठ्या चवीने सांगतात. पण ‘हिंदू’ फौजेत मुस्लिम सरदार होतेच कसे, हे कुणी विचारत नाही.

लढाईनंतर विजयनगरची लूट झाली, देवळे फुटली, हे खरे आहे. ते लपवायचे कारण नाही. पण ‘सगळे राजकारण होते, धर्म नव्हताच’ एवढे सांगून थांबणारा पुरोगामी इतिहासही आम्हाला अपुरा वाटतो. त्यातही राजे, सरदार आणि दरबारच दिसतात. तट कुणी बांधले, ते दिसत नाही.

आमच्याच जिल्ह्यात मंगळवेढा आहे. गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले. परंपरा साल सांगते 1338. सोलापूरचा किल्ला नगरकडून विजापूरकडे गेला, पण गावकुसाबाहेरचा महारवाडा आत आला नाही. झेंडा हिरवा असो वा भगवा, वेठ तीच राहिली. 1948 मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या उगमावरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला, तो उगाच नव्हे.

‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये बाबासाहेब सांगतात, हिंदू समाज अशी एकसंध गोष्टच नाही, आहेत त्या जाती, आणि हिंदू-मुस्लिम दंगलीतच त्यांना एकमेकींची आठवण होते. तालिकोटची दंतकथा हेच काम करते. ती साडेचारशे वर्षांपूर्वीची दंगल रचते, म्हणजे आज आपण तिच्यात पायदळ म्हणून उभे राहावे.

भीमा कोरेगावचे नाव घेतले की आपल्याकडे पुरावे मागतात. जरूर मागावेत, स्तंभावर पडलेल्या सैनिकांची नावे कोरलेली आहेत. पण तीच फूटपट्टी तालिकोटला लावा. आणि आपणही आपल्या लढायांना ती लावू. राजांची दंतकथा पाडून आपली नवी उभारायची नाही.

तेव्हा मित्रांनो, हा मजकूर पुन्हा मोबाइलवर आला की पुढे ढकलण्याआधी एवढेच विचारा : विजयनगर जिंकले असते, तर चोखोबाच्या लेकरांना गावाच्या विहिरीवर पाणी मिळाले असते का?

जय भीम!