गाडीला व्हील स्पेसर बसवताय? आधी हे मिलिमीटरचं गणित समजून घ्या

रील्समध्ये दिसणारी रुंद, जमिनीला चिकटलेली कार अनेकांना आवडते. टायर मडगार्डच्या आत दबलेला न राहता अगदी कडेला येतो आणि गाडीचा रुबाब बदलतो. नवे अलॉय घेण्यापेक्षा हा लूक स्वस्तात मिळतो तो व्हील स्पेसरमुळे. पण चाकाची पकड ज्या नटांवर असते, तिथेच हा भाग बसतो. त्यामुळे निवड चुकली तर प्रश्न फक्त दिसण्याचा राहत नाही.

व्हील स्पेसर म्हणजे काय?

हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी धातूची, बहुतेकदा अॅल्युमिनियमची चकती. ती चाकाला बाहेर ढकलते. 20 मिमीचा स्पेसर दोन्ही बाजूंना लावला, तर त्या दोन चाकांमधलं अंतर 40 मिमीने वाढतं. चाकाचा ऑफसेट 45 असेल तर तो 25 असल्यासारखा होतो.

केवळ लूकसाठीच नाही, तर मोठ्या ब्रेक कॅलिपरला अलॉय घासत असेल तरीही स्पेसर वापरतात.

प्रकार किती?

- स्लिप-ऑन: साधारण 3 ते 10 मिमीची पातळ चकती. मूळ स्टडवर सरकवायची आणि वर चाक बसवायचं.
- बोल्ट-ऑन: साधारण 20 मिमी किंवा त्याहून जाड. स्पेसर आधी हबला आवळायचा, मग त्याच्या स्वतःच्या स्टडवर चाक लावायचं.

पातळ स्पेसर जास्त सुरक्षित असतो का?

असं वाटतं खरं, पण नेमकी इथेच गफलत होते. स्पेसर जितका जाड, तितका स्टडचा भाग नटाला कमी मिळतो. उदाहरणार्थ, मारुती सुझुकी स्विफ्टचे स्टड 12 मिमी व्यासाचे आहेत आणि त्यांचा दर आटा 1.25 मिमीचा आहे. म्हणजे 5 मिमीची साधी चकतीसुद्धा नटाचे चार आटे खाते.

नट निदान स्टडच्या व्यासाइतका आत जायला हवा, हा सर्वसाधारण नियम आहे. 12 मिमीच्या या स्टडवर ते जवळपास 10 पूर्ण फेरे होतात. नट हाताने फिरवून फेरे मोजा. कमी भरले तर लांब स्टड बसवावे लागतील. स्कोडा, फोक्सवॅगनसारख्या बोल्ट असलेल्या गाड्यांत मूळ बोल्टपेक्षा स्पेसरच्या जाडीइतके जास्त लांब बोल्ट हवेत.

दुसरी अडचण हबच्या मधल्या उंचवट्याची. चाक नेमकं मध्यभागी बसतं ते यामुळे. पातळ चकती हा उंचवटा झाकून टाकते आणि चाक किंचित सरकून बसू शकतं. मग ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं. जाड, हब-सेंट्रिक स्पेसरला बाहेरच्या बाजूने स्वतःचा उंचवटा असतो, म्हणून तोच निवडावा.

खरेदीआधी काय मोजायचं?

- पीसीडी: स्टड ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास. स्विफ्टला 4x100, तर ह्युंदाई क्रेटाला 5x114.3.
- सेंटर बोर: स्विफ्टला 54.1 मिमी, क्रेटाला 67.1 मिमी. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असा स्पेसर टाळा.
- जागा: मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि टायरपर्यंतचं अंतर मोजा. ते सगळं वापरू नका. खड्ड्यात किंवा स्पीड ब्रेकरवर, भरलेल्या गाडीत टायर वर येतो आणि कडेला घासतो.
- अलॉयची मागची बाजू: बोल्ट-ऑन स्पेसरमधून मूळ स्टड बाहेर डोकावत असतील, तर अलॉयला मागे तेवढे खळगे हवेत. नाहीतर चाक सपाट बसणार नाही.

बसवताना

1. गाडी सपाट जागी उभी करा. फक्त जॅकवर विसंबू नका, खाली स्टँड लावा.
2. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. गंजाचा पातळ थरही स्पेसर तिरका बसवायला पुरेसा आहे.
3. नट समोरासमोरचे, आलटून पालटून आवळा.
4. शेवटची आवळणी टॉर्क रेंचने, गाडीच्या आणि स्पेसरच्या माहितीपत्रकातल्या आकड्यानुसारच करा. एअर गनने भागत नाही.
5. 50 ते 100 किमी चालवल्यावर नट पुन्हा तपासा. बोल्ट-ऑन असेल तर चाक काढून आतले नटही.

एकावर एक दोन स्पेसर कधीही लावू नका.

तोटे आणि कायदा

चाक बाहेर गेल्याने व्हील बेअरिंगवरचा ताण वाढतो. पुढच्या चाकांना स्पेसर असेल, तर खड्ड्यात स्टिअरिंग जास्त ओढलं जातं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हीच भूमिका घेतली. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम 182अ मध्ये, दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. त्यामुळे आरटीओ आणि विमा कंपनीला आधीच विचारा.

दुकानात गेल्यावर किमतीआधी सेंटर बोर आणि आटे यांबद्दल विचारा. उत्तर ‘बसेल हो, काही होत नाही’ एवढंच आलं, तर तिथे गाडी जॅकवर चढवू देऊ नका.