नांगरट न करता सोयाबीन, गहू : ब्राझीलमधल्या एका मोठ्या शेताने काय शिकवलं?

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की ओढ्याला गढूळ पाणी येतं. तो गढूळपणा म्हणजे आपल्याच शेतातली वरची कसदार माती. एका एकरावरून फक्त १ मिलिमीटर थर वाहून गेला, तरी सुमारे ५ टन माती जाते. दक्षिण ब्राझीलच्या शेतकऱ्यांपुढे पन्नास वर्षांपूर्वी हेच संकट होतं.

बार्ट्झ यांचं शेत

पराना राज्यातल्या रोलांदिया भागात जमीन लाल, उताराची आणि पाऊस जोराचा. तिथे हर्बर्ट बार्ट्झ यांची मोठी शेती होती. उन्हाळी हंगामात सोयाबीन, थंडीत गहू. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे काड जाळायचं, नांगरट करायची, मग डिस्क मारून रान भुसभुशीत करायचं. पेरणीनंतर जोराचा पाऊस आला की बियाणं, खत आणि माती एकदमच उतारावरून खाली जायची.

१९७२ मध्ये बार्ट्झ अमेरिकेत गेले. केंटकी राज्यात हॅरी यंग हे शेतकरी १९६२ पासून विनानांगरट पेरणी करत होते. ते पाहून बार्ट्झ यांनी अमेरिकेतून खास पेरणी यंत्र मागवलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न नांगरलेल्या रानात सोयाबीन पेरलं. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. आज ब्राझीलमध्ये ३ कोटी हेक्टरहून जास्त क्षेत्रावर ही पद्धत आहे.

माती का थांबते?

उघड्या रानावर पावसाचा थेंब आपटला की ढेकूळ फुटतं. बारीक माती छिद्रांत बसते, वर पापडी धरते आणि पाणी मुरायचं सोडून पळतं. काडाचं आच्छादन असेल तर थेंबाचा मार काडावर बसतो. जुनी मुळं जागेवरच कुजतात, त्यांच्या नळ्या आणि गांडुळांची बिळं यांतून पाणी खाली जातं. नांगर ही बिळं दरवर्षी मोडतो.

नुसता नांगर सोडून भागत नाही

तीन गोष्टी एकत्र लागतात : माती कमीत कमी हलवणे, रान कायम झाकलेलं ठेवणे आणि पिकांची फेरपालट. सुरुवातीची वर्षं बार्ट्झ यांना तणांनी छळलं. पुढे परानात थंडीत ओटसारखी आच्छादन पिकं घेऊन ती आडवी पाडायची पद्धत रुळली. तरीही तणनाशकाचा खर्च या पद्धतीत राहतोच. सोयाबीनवर सोयाबीन घेतलं तर काड कमी पडतं आणि फायदाही घटतो.

आपल्याकडे काय करता येईल?

रायगड जिल्ह्यातल्या नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी विकसित केलेलं एसआरटी तंत्र याच विचाराचं आहे. गादीवाफे एकदाच करायचे, पुढे नांगरट नाही, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची.

आपली अडचण वेगळी आहे. कडबा आणि कुटार जनावरांना लागतं, सगळं रानात सोडणं परवडत नाही. पण एवढं जमतं :

- धसकटं, पाचट पेटवू नका.
- पीक उपटण्याऐवजी कापा, मुळं राहू द्या.
- पेरणी उताराला आडवी करा.
- भारी काळ्या जमिनीत पाणी साचतं, तिथे गादीवाफ्यावरच प्रयोग करा.
- सोयाबीननंतर हरभरा, ज्वारी किंवा गहू घ्या.

एकदम सगळं रान बदलू नका. पाच-दहा गुंठ्यांचा एक तुकडा न नांगरता ठेवा. मोठ्या पावसात त्या तुकड्यातून आणि शेजारच्या नांगरलेल्या रानातून येणारं पाणी दोन बाटल्यांत भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाला किती गाळ बसला ते बघा आणि मग पुढच्या नांगरटीचं ठरवा.